आंबोलीला जाताय? मग एक रात्र तरी राहा

आंबोलीहून आलेल्या माणसाला काय पाहिलं विचारा. धबधब्याखाली भिजलो, कणीस खाल्लं, धुक्यात काही दिसलं नाही आणि येताना तासभर गाड्यांच्या रांगेत अडकलो, हे चार मुद्दे हमखास. पहिल्या दोन खेपांना मीही एवढंच पाहून परतलो होतो. तिसऱ्या खेपेला गाडीचा पट्टा तुटला, मेकॅनिक सकाळशिवाय यायचा नव्हता, म्हणून नाइलाजाने एका घरी मुक्काम पडला. जेवण झाल्यावर घरमालकांच्या मुलाने बॅटरी उचलली आणि म्हणाला, "चला, फिरून येऊया." घरापासून शंभर पावलांवर त्याने मला हाताने थांबवलं. "थयसर पाय ठेवू नकात हां. खाली बघा." खाली, रस्त्याकडेच्या जांभ्या दगडावर, अंगठ्याएवढा एक बेडूक बसला होता. जगात हा प्राणी या डोंगराएवढ्या टापूतच सापडतो, हे मला नंतर कळलं.

तेव्हापासून माझं मत ठरलं आहे. आंबोलीचे धबधबे दिवसा तासा-दोन तासांत बघून होतात. तिथलं जंगल मात्र संध्याकाळी गाड्या उतरून गेल्यावर उघडतं. त्यामुळे हा बेत दोन दिवस आणि एका रात्रीचा आहे. एकाच दिवसात जाऊन यायचं असेल, तर पुढचं निम्मं तुमच्या कामाचं नाही.

कोणता महिना, ते आधी ठरवा

सिंधुदुर्ग जिल्ह्यात, सावंतवाडी तालुक्यात, समुद्रसपाटीपासून साधारण ७०० मीटरवर आंबोली आहे. कोकणातून वर चढणारे ढग इथेच पहिल्यांदा अडतात, आणि वर्षाला सरासरी ७,००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. पुण्यात पडतो त्याच्या जवळजवळ दहा पट. हा आकडा नुसता ऐकून सोडू नका. घरातली भिंत ओली, गादी ओलसर, काल धुतलेला मोजा उद्याही तसाच, असा त्याचा अर्थ आहे.

काय बघायचंय त्यावर महिना ठरतो. बेडूक बघायचे तर जूनचा दुसरा पंधरवडा. पहिले जोरदार पाऊस होऊन सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावरच्या, खळग्यांत पाणी साठलं की त्यांची लगबग सुरू होते. जुलै ते मध्य ऑगस्ट पाणी सगळ्यात जास्त आणि धुकंही सगळ्यात दाट. धबधबा ऐकू येईल, दिसेलच असं नाही. ऑगस्टचा शेवट आणि सप्टेंबर हा माझा आवडता काळ. पाऊस अधूनमधून दम घेतो, सड्यावर फुलं येतात, पाणीही अजून भरपूर असतं. ऑक्टोबरनंतर दऱ्या स्वच्छ दिसतात, पण धबधबे बारीक होत जातात. हिवाळ्यात आणि मार्चपर्यंत पक्षी बघणाऱ्यांनी यावं. मलबारी कवड्या धनेशाच्या पंखांचा आवाज एकदा ऐकलात की मान आपोआप वर जाते.

वारही बघा. सोमवार ते गुरुवार या. जुलै-ऑगस्टचे शनिवार-रविवार, पंधरा ऑगस्ट आणि विशेषतः गटारीचा आठवडा, या दिवसांत घाट म्हणजे दारू, कर्णे आणि पोलिसांच्या शिट्ट्या. त्या दिवशी घरी बसून भजी तळलेली बरी.

पोचायचं कसं

मुंबईकरांसाठी कोकण रेल्वे सगळ्यात सोयीची. तुतारी, कोकणकन्या किंवा मांडवीने सावंतवाडी रोडला उतरा. स्टेशन गावापासून थोडं लांब आहे, रिक्षाने एसटी स्टँड गाठा आणि तिथून आंबोलीवरून जाणारी बेळगाव किंवा कोल्हापूर बाजूची एसटी पकडा. सावंतवाडी ते आंबोली अंतर तीसेक किलोमीटर आहे, घाटामुळे तास लागतो. हातात वेळ असेल तर सावंतवाडीत लाकडी खेळणी आणि गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते, बघून घ्या. पुण्याहून गाडीने साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास होतात. कोल्हापूर ओलांडून निपाणी, आजरा असं यायचं. या बाजूने आलात तर घाट चढावा लागत नाही, पण मुख्य धबधबा घाटात असल्याने तिथवर थोडं उतरावं लागतं. बेळगाव ६५-७० किलोमीटरवर आहे. विमानाने येणाऱ्यांना गोव्याचं मोपा जवळ पडतं.

सावंतवाडीहून निघालात की दाणोलीनंतर घाट लागतो. हा रस्ता मुळात वेंगुर्ला बंदरातून बेळगावच्या लष्करी छावणीकडे माल नेण्यासाठी इंग्रजांच्या काळात बांधला गेला, आणि वाटेतलं मुक्कामाचं ठिकाण म्हणून आंबोली वाढली. आज माल कमी आणि आपण जास्त. धुक्यात मोठा दिवा लावू नका. समोर पांढरी भिंत उभी राहते आणि काहीच दिसत नाही. खालचा दिवा, वायपर, हॉर्न, आणि पुढच्या गाडीपासून लांब. वळणावर ओव्हरटेक नाही, हे सांगायची गरज पडू नये, पण पडते. अतिवृष्टीत दरड कोसळून घाट बंद होतो, म्हणून निघण्याच्या सकाळी मुक्कामाच्या घरी फोन करून रस्ता विचारा. पेट्रोल आणि रोख पैसे सावंतवाडी किंवा आजऱ्यातच भरून घ्या. मोबाईलची रेंज ठिकाणागणिक येते-जाते. नकाशा आधी उतरवून ठेवा.

सामान: छत्री घरी ठेवा

वाऱ्यात छत्री उलटी होते आणि हातही अडकतो. पँट-जॅकेट असा दोन तुकड्यांचा रेनकोट घ्या. जीन्स नकोच, भिजली की दोन किलोने वाढते आणि वाळत नाही. पायात चांगली पकड असलेले बूट किंवा गमबूट. शेवाळलेल्या जांभ्यावर चप्पल घालून चालणं म्हणजे साबणावर चालणं.

जळवांना घाबरू नका, पण तयारी ठेवा. लांब मोजे घालून पँट त्यांच्या आत खोचा, मोज्यांवर तपकीर किंवा तंबाखूचं पाणी चोळा. चिकटलीच तर ओढू नका. नखाने तोंडाच्या बाजूने सरकवून सोडवा. रक्त थोडा वेळ वाहत राहतं, कारण जळू रक्त गोठू न देणारा द्रव सोडते. घट्ट दाबून धरलं की थांबतं.

कॅमेरा असेल तर प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. पहिल्या वर्षी मी गरम खोलीतून कॅमेरा थेट धुक्यात काढला आणि लेन्सच्या आतल्या बाजूला धुकं बसलं. त्या दिवशीचे सगळे फोटो कापसातून काढल्यासारखे आहेत. माणशी एक चांगली बॅटरी, शक्यतो डोक्याला बांधायची, आणि सेलचा जादा जोड. रात्रीच्या फेरीत मोबाईलचा दिवा पुरत नाही.

पहिला दिवस: दुपारी हिरण्यकेशी

दुपारी पोचा, जेवा. घरगुती मुक्काम मिळाला तर काळ्या वाटाण्याचं सांबार, घावणे, कुळथाची पिठी, सोलकढी असं काहीबाही ताटात येतं. पावसाळ्यात रानात आलेल्या अळंबीची भाजी असेल तर नाही म्हणू नका. मात्र रानातली अळंबी स्वतः तोडून आणायच्या फंदात पडू नका. ओळख नसेल तर जिवावर बेतेल.

दुपारनंतर हिरण्यकेशीला जा. गावापासून पाचेक किलोमीटर, शेवटचा टप्पा झाडीतून पायी. डोंगरातल्या गुहेतून पाणी बाहेर येतं, समोर कुंड आहे, बाजूला शंकराचं देऊळ. ही हिरण्यकेशी नदीची सुरुवात. ती पूर्वेला वाहत जाते, घटप्रभेला मिळते, घटप्रभा कृष्णेला, आणि पाणी बंगालच्या उपसागरात जातं. उलट घाटातल्या धबधब्याचं पाणी कोकणात उतरून अरबी समुद्रात. म्हणजे एकाच ढगातले दोन थेंब चार-पाच किलोमीटरच्या अंतरात पडले, तर दोघांचे समुद्र वेगळे.

या कुंडात एक छोटा मासा राहतो. २०२० साली तो विज्ञानाला नवा म्हणून नोंदवला गेला आणि नदीवरूनच त्याचं नाव ठेवलं, शिस्टुरा हिरण्यकेशी. पुढच्या वर्षी, २०२१ मध्ये, राज्य सरकारने ही जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. एका माशापायी मिळालेला हा मान आहे. तेव्हा कुंडात साबण लावून आंघोळ, पाय धुणं, निर्माल्य सोडणं, माशांना बिस्किट टाकणं, काहीही नको. काठावर बसा, पाणी स्थिर होऊ द्या. तळाच्या दगडगोट्यांत पट्ट्यापट्ट्यांचं काहीतरी सुळकन हललं तर समजा भेट झाली.

रात्र: बॅटरी घेऊन

यासाठी स्थानिक वाटाड्या हवाच. आंबोली आणि चौकुळमध्ये वन्यजीवांचा अभ्यास असलेली तरुण मुलं आहेत, मुक्कामाच्या घरी विचारलं की नाव सुचवतात. पैसे आधी ठरवा आणि घासाघीस करू नका. एक गोष्ट फोनवरच विचारा: "साप-बेडूक हातात घेऊन दाखवता का?" हो म्हणाला तर दुसरा शोधा. फोटोसाठी चापडा हा झुडपांवरचा विषारी साप काठीने उचलून सोयीच्या फांदीवर ठेवणारे, बेडूक पकडून पानावर मांडणारे लोक मी पाहिलेत. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ बाजूला ठेवला तरी हे वाईटच. तुमच्या हातावर डासांचं मलम असेल तर बेडकाच्या ओल्या कातडीतून ते थेट आत जातं. राखीव जंगलात रात्री परवानगीशिवाय शिरायचं नाही. गावाच्या वाटा आणि रस्त्याच्या कडा यांवरच इतकं काही आहे की गरजही पडत नाही.

साडेसातच्या सुमारास निघा, तीन तास ठेवा. वेग इतका कमी हवा की लाज वाटावी. मी एकदा शंभर मीटरला पन्नास मिनिटं घेतली होती.

बॅटरी आधी खाली मारा, पायाशी. जांभ्याच्या खळग्यात बोटभर पाणी असतं, त्याच्या काठावर आंबोलीचा टोड दिसतो, सुरुवातीला सांगितलेला तोच अंगठ्याएवढा बेडूक. २००९ मध्ये त्याची नोंद झाली, नाव झँथोफ्रिनी टायगेरिना. कुशीवरच्या पिवळ्या-काळ्या नक्षीमुळे वाघाचं नाव मिळालं, पण आकार पाहून हसू येतं. हा अतिसंकटग्रस्त यादीत आहे. कारण सोपं आहे. त्याचं जग म्हणजे हा एक डोंगर, आणि या डोंगरावरून एक रस्ता जातो. पहिल्या पावसात नर-मादी खळग्यांवर गोळा होतात, बोटभर पाण्यात अंडी घालतात, आणि पाणी आटायच्या आत पिल्लांना पाय फुटायला हवेत. अशा वेळी शनिवारची गाड्यांची रांग म्हणजे काय, ते सकाळी डांबरावर चिकटलेलं दिसतं.

मग बॅटरी कमरेच्या उंचीला. पाणथळीवर वाकलेल्या फांदीला साबणाच्या फेसासारखा पांढरा गोळा लोंबताना दिसला तर ते मलबारी उडत्या बेडकाचं घरटं. मादी फेस घुसळून त्यात अंडी घालते, पिल्लं तयार झाली की फेस विरघळतो आणि ती टपाटप खालच्या पाण्यात पडतात. बेडूक स्वतः पोपटी, बोटांमधला पडदा शेंदरी. तो पडदा पसरून फांदीवरून तरंगत उतरतो. झुडपांतून घड्याळासारखी टिकटिक येत राहते, ते झुडपी बेडूक. आवाजाच्या मागे जाऊन नखाएवढा बेडूक शोधायचा प्रयत्न करा. मला वीसातून एकदा जमतं.

चापडा दिसेल याची तयारी ठेवा. मलबारी चापडा हिरवा, तपकिरी, कधी पिवळसरही असतो, आणि झुडपावर गुंडाळी करून तासन् तास, कधी दिवसचे दिवस हलत नाही. म्हणूनच पाऊल टाकण्याआधी आणि फांदीला हात लावण्याआधी उजेड टाकायचा. दोन हातांपेक्षा जवळ जायचं नाही. आपल्याकडे मिळणारी सर्पदंशाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांसाठी बनते, चापड्यासाठी नाही. चावलाच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काही करायचं नाही. तो अवयव हलवायचा नाही, अंगठी-कडं काढायचं, १०८ ला फोन करायचा आणि सावंतवाडीचं उपजिल्हा रुग्णालय गाठायचं.

ओल्या मातीवर जाड गांडुळासारखं, निळसर काळं, वळ्यावळ्यांचं काही सरपटताना दिसलं तर मारू नका. ते देवगांडूळ, बेडकांचं बिनपायाचं भावंड. त्याला जबडा आणि दात असतात, पण तो विषारी साप नव्हे. साप समजून लोक ठेचतात.

शेवटी एक काम कराच. दाट झाडीत, वाटाड्या सांगेल तिथे, सगळ्यांनी दिवे बंद करा. मोबाईल खिशात. पहिली पाच मिनिटं काही दिसत नाही आणि कोणीतरी हमखास हसतं. पंधराएक मिनिटांनी डोळे सरावतात आणि कुजक्या फांद्यांवर फिकट हिरवा उजेड दिसू लागतो. मायसिना गटातली ही बुरशी. ती दिसेलच याची खात्री नाही, सलग ओल लागते. फोटो काढायचा असेल तर तिपाई आणि मिनिटभराचं एक्सपोजर, नाहीतर नुसतं बघा.

परतताना रस्त्यात गवा उभा असेल तर गाडी थांबवा, मोठा दिवा बंद, हॉर्न नाही. तो जाईपर्यंत आपण थांबायचं. घाई आपल्याला असते.

दुसरा दिवस: धबधबे, पण पहाटे

साडेसहाला निघून मुख्य धबधबा गाठा. टपऱ्या अजून उघडायच्या असतात, माकडंही पेंगुळलेली असतात. पाणी रस्त्यालगत कोसळतं, पायऱ्यांनी वर जाता येतं. वरून दगड-फांद्या येतात, त्यामुळे प्रवाहाच्या मध्यात उभं राहू नका. पाणी गढूळ झालं किंवा आवाज अचानक वाढला तर लगेच बाहेर या. माकडांना काही देऊ नका. दिलेल्या प्रत्येक वेफरमागे ती रस्त्यावर आणखी उतरतात आणि गाडीखाली येतात. देखभालीसाठी शुल्क घेतात, सुटे पैसे ठेवा.

आठ-साडेआठला कावळेसाद, गेळे गावाच्या हद्दीत. इथली मजा उलट्या धबधब्याची. दरीतून वर येणारा वारा इतका जोराचा असतो की कड्यावरून पडणारं पाणी परत तुमच्या तोंडावर येतं. धुकं असेल तर फक्त पांढरं दिसेल. मी एकदा तीन तास बसलो, मग दोन मिनिटांसाठी पडदा सरकला, सगळी दरी दिसली आणि पुन्हा बंद. कठड्याच्या आतच राहा. इथून माणसं पडलेली आहेत, आणि बहुतेक जण फोटोसाठी कठडा ओलांडून गेलेले होते.

नांगरतास धबधबा बेळगावच्या रस्त्याला आहे, अरुंद घळीत आपटणारा. दहा मिनिटं पुरतात, पण आवाज असा की शेजारचा काय बोलला ते कळत नाही. महादेवगड पॉइंट ऑक्टोबरनंतरसाठी राखा. गडाचं फारसं काही उरलेलं नाही, पण हवा स्वच्छ असेल तर कोकण पायाखाली पसरलेलं दिसतं.

उरलेला वेळ चौकुळच्या सड्याला द्या. ऑगस्टअखेर तिथे सीतेची आसवं, गेंद, कवल्याची पिवळी फुलं येतात. सीतेची आसवं ही नाजूक जांभळी फुलं मुळांसारख्या धाग्यांपाशी बारीक जीव पकडणाऱ्या वनस्पतीची. फुलांत लोळून फोटो काढू नका, उघड्या कातळावरून चाला. सडा ओसाड दिसतो, पण तो गावाचा असतो, गुरं तिथेच चरतात. आंबोली, गेळे आणि चौकुळ या तीन गावांत कबुलायतदार गावकर जमिनींचा, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक जमिनी कोणाच्या नावावर हा, प्रश्न पिढ्यानपिढ्या चालत आलेला आहे. त्यामुळे इथे कोणी थांबवून "खंयसून इलात?" विचारलं तर चिडू नका. सरळ उत्तर द्या, बहुतेक वेळा पुढचा प्रश्न चहाचा असतो.

निघताना

कचरा परत न्या, आंबोलीत नेऊन टाकायला जागा नाही. बूट-मोजे झटका, पँटच्या शिवणीत जळू लपलेली असते आणि ती पुण्यात सोफ्यावर सापडली की घरात पुढच्या सहलीला परवानगी मिळत नाही. आणि पावसाळ्यात गाडी रात्रभर उघड्यावर उभी असेल, तर चालू करण्याआधी खाली वाकून चारही टायरांच्या मागे-पुढे बॅटरी मारा. मागच्या जूनमध्ये माझ्या डाव्या मागच्या टायराला टेकून एक टोड बसला होता. हात न लावता, एका पानाने हलकेच ढकलत त्याला गटाराच्या कडेला नेलं. सात मिनिटं लागली. मागे एसटीवाला हॉर्न न वाजवता थांबला होता.